स्नो व्हाइट कुठे आहे?

जुलै १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइममध्ये डिस्नीलँड सुरू झालं, तेव्हा तिथे 'स्नो व्हाइट'वर एक राइड होती. अंधाऱ्या इमारतीत रुळांवरून छोटी गाडी फिरायची, वळणावळणावर एकेक देखावा उजळायचा. बुटके दिसायचे, रान दिसायचं, चेटकीण अंगावर यायची. सगळं होतं, फक्त स्नो व्हाइट नव्हती. शेजारच्या 'पीटर पॅन'च्या राइडमध्ये पीटर पॅन नव्हता आणि 'मिस्टर टोड'च्या राइडमध्ये मिस्टर टोड नव्हता.

हा विसरभोळेपणा नव्हता, मुद्दाम केलेली रचना होती. बनवणाऱ्यांचं म्हणणं असं, की गाडीत बसलेला माणूस हाच स्नो व्हाइट आहे. चेटकीण त्याच्या अंगावर येते, रान त्याला घाबरवतं. मग ती वेगळी दाखवायची कशाला? कल्पना सुंदर होती, पण लोकांच्या डोक्यात ती शिरली नाही. राइडमधून उतरल्यावर लोक विचारायचे, स्नो व्हाइट कुठे आहे? शेवटी १९८३ मध्ये या भागाची मोठी डागडुजी झाली, तेव्हा तिन्ही राइडमध्ये मुख्य पात्रांचे पुतळे बसवण्यात आले.

थीम पार्क आणि सिनेमा यांच्या नात्याचा सगळा इतिहास मला या छोट्याशा बदलात दिसतो. सिनेमावरून राइड बनवायची म्हणजे सिनेमातून नेमकं काय उचलायचं? त्यात जे घडतं ते, की त्यात जो दिसतो तो? कृती, की चेहरा? गेल्या सत्तर वर्षांत या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं दिली गेली. आज आपण अशा ठिकाणी पोचलोय, जिथे मोठ्या पार्कमध्ये सिनेमाचं नाव नसलेली नवी राइड दिसली तर आश्चर्य वाटतं.

चार मिनिटांचं गणित

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. थीम पार्कशी माझा संबंध प्रेक्षकाचा आणि यूट्यूबवर रात्री दोन वाजेपर्यंत राइडचे व्हिडिओ बघणाऱ्याचा. पण एक सवय कामातून लागली आहे. कुठलीही गोष्ट दिसली की ती कशावर अवलंबून आहे ते शोधायचं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही सगळं स्वतः लिहीत बसत नाही. दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला कोड, म्हणजे लायब्ररी, आणतो आणि त्याच्यावर आपलं काम उभं करतो. त्याला डिपेंडन्सी म्हणतात. काम पटकन होतं. मात्र उद्या त्या लायब्ररीच्या मालकाने काही बदललं, किंवा ती बंदच केली, तर आपलं घर हलतं.

राइडचेही असे दोन थर असतात. खालचा थर यंत्राचा: रूळ, होड्या, मोटारी, पाण्याचे पंप, इमारत. तो बेसुमार महाग असतो आणि नीट राखला तर तीस-चाळीस वर्षं चालतो. वरचा थर गोष्टीचा: देखावे, पुतळे, संगीत, संवाद. तो तुलनेने स्वस्त आणि बदलता येण्याजोगा.

आता अडचण बघा. सिनेमाला गोष्ट सांगायला दोन तास मिळतात. राइडला मिळतात साधारण चार मिनिटं, आणि त्यातली निम्मी लोक ओरडण्यात घालवतात. संवाद कुणाला ऐकू येत नाहीत. एवढ्यात नवीन पात्राची ओळख करून द्यायची, त्याचा शत्रू कोण ते सांगायचं, त्याला संकटात टाकायचं आणि सोडवायचं, हे जवळजवळ अशक्य. पण पात्र आधीच ओळखीचं असेल तर? गोष्ट प्रेक्षकाच्या डोक्यात घरूनच भरून आलेली असते. राइडने फक्त बटण दाबायचं. सिनेमा ही राइडची लायब्ररी झाली ती अशी.

पंचवीस सेंटची शाळा

सिनेमा आणि पार्क यांची गाठ डिस्नीने मारली असं आपण समजतो, पण सुरुवात त्याच्या चाळीस वर्षं आधी झाली होती. मार्च १९१५ मध्ये कार्ल लेम्ली यांनी लॉस एंजेलिसजवळ युनिव्हर्सल सिटी हा स्टुडिओ उघडला आणि २५ सेंट घेऊन लोकांना शूटिंग बघायला बसवलं. मूकपटांचा जमाना होता. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या तरी कॅमेऱ्याला काय फरक पडणार! पुढे बोलपट आले, सेटवर शांतता लागू लागली आणि हा प्रकार बंद पडला.

१९६४ मध्ये युनिव्हर्सलने तो पुन्हा सुरू केला. या वेळी लोकांना ट्रॅममध्ये बसवून स्टुडिओ दाखवायला लागले. खऱ्या स्टुडिओत गंमत अशी असते, की बहुतेक वेळा काहीच घडत नसतं. म्हणून ट्रॅमच्या वाटेवर मुद्दाम काहीतरी घडवायला सुरुवात झाली. 'जॉज' १९७५ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी ट्रॅमच्या शेजारच्या तळ्यातून यांत्रिक शार्क उसळी मारू लागला. १९८६ मध्ये किंग काँग आला. स्टुडिओची सहल हळूहळू राइड बनत गेली. इथे सिनेमा आणि राइड यांचा मालक एकच होता, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नव्हता. हिट सिनेमाची आठवण ताजी असतानाच ती तिकिटात बदलायची, हा धडा मात्र इथे पक्का झाला.

ज्यांना सिनेमाची गरज नव्हती

त्याच काळात डिस्नीलँडमध्ये उलट दिशेचं काम चालू होतं. मार्च १९६७ मध्ये 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' ही राइड सुरू झाली. मागे सिनेमा नाही, कादंबरी नाही. वॉल्ट डिस्नी तीन महिन्यांपूर्वी, डिसेंबर १९६६ मध्ये वारले होते, त्यांना ती पूर्ण झालेली बघता आली नाही.

मुळात हे मेणाच्या पुतळ्यांचं संग्रहालय होणार होतं, ज्यातून लोक चालत जातील. पण चालणारी माणसं रेंगाळतात, फोटो काढतात, रांग तुंबते. १९६४–६५ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात डिस्नीच्या लोकांनी पाण्याच्या प्रवाहावर वाहणाऱ्या होड्यांची राइड बनवली होती आणि ती प्रचंड गर्दी सहज पचवते हे त्यांना दिसलं होतं. मग समुद्री चाच्यांनाही होड्या मिळाल्या. आणखी एक अडचण होती. एवढी मोठी इमारत पार्कच्या आत मावेना. ती पार्कभोवती फिरणाऱ्या रेल्वेच्या रुळांपलीकडे बांधावी लागली. तिथपर्यंत होड्या नेणार कशा? रुळांच्या खालून. म्हणून राइडच्या सुरुवातीला होडी अंधारात दोनदा खाली घसरते. बसणाऱ्याला वाटतं आपण भूतकाळात शिरलो. खरं तर आपण रेल्वेखालून पलीकडे जात असतो.

आत गेल्यावर सलग अशी गोष्ट नाहीच. एक जळणारं गाव आहे, दारू प्यायलेले चाचे आहेत, कानावर पडणारे अर्धवट संवाद आहेत. तुरुंगातले कैदी हाडाचं आमिष दाखवून एका कुत्र्याला बोलावतायत, कारण किल्ल्या त्याच्या तोंडात आहेत. होडी पुढे सरकते. कुत्रा आला की नाही, हे आपल्याला कधीच कळत नाही. पंधराएक मिनिटांच्या या प्रवासात कुठलाही नायक नाही. एखाद्या गावच्या जत्रेतून वाट काढत जावं तसं आपण त्यातून जातो, आणि प्रत्येक वेळी काहीतरी वेगळं नजरेत भरतं.

चार मिनिटांच्या गणिताला हे खणखणीत उत्तर होतं. गोष्ट सांगायला वेळ नाही ना? मग सांगू नका. एक जागा उभी करा आणि लोकांना तिथे सोडून द्या. १९६९ मधली 'हाँटेड मॅन्शन'ही याच जातीची. १९८२ मध्ये फ्लोरिडात एपकॉट उघडलं, तेव्हा डिस्नीची नेहमीची पात्रं तिथे ठेवलीच नव्हती. भविष्य, विज्ञान आणि वेगवेगळे देश हेच विषय. त्यातल्या काही राइड कंटाळवाण्या होत्या हे मान्य. पण त्या काळच्या डिझायनरला 'हे कुठल्या सिनेमातलं?' असं कुणी पहिल्याच मीटिंगमध्ये विचारत नसावं.

१९८७: यंत्र तेच, रीळ वेगळं

९ जानेवारी १९८७. डिस्नीलँडमध्ये 'स्टार टूर्स' सुरू झाली आणि पार्क सलग साठ तास उघडं ठेवावं लागलं. 'स्टार वॉर्स' तेव्हा डिस्नीचा नव्हता, जॉर्ज लुकस यांचा होता. दुसऱ्याच्या सिनेमावर डिस्नीने केलेली ही पहिली राइड. खर्च ३ कोटी २० लाख डॉलर. अख्खं डिस्नीलँड १९५५ मध्ये १ कोटी ७० लाखांत उभं राहिलं होतं.

यंत्र आलं होतं इंग्लंडहून, वैमानिकांना शिकवणाऱ्या सिम्युलेटरच्या कंपनीकडून. चाळीस माणसांची बंद खोली, समोर पडदा, खाली हायड्रॉलिक पाय. खोली जागची हलत नाही, फक्त डुलते आणि कलते. तरी आपण अंतराळात सुसाट निघालो असं वाटतं. त्याचं कारण तुमच्या खिशातल्या फोनमध्येही आहे. फोनमधल्या ॲक्सेलरोमीटरला तिरकं होणं आणि वेग वाढणं यांतला फरक एकट्याने सांगता येत नाही. आपल्या कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचंही तसंच आहे. खोली मागे कलली की पाठ खुर्चीत दाबली जाते. डोळ्यांना पडद्यावर तारे मागे पळताना दिसतात. मेंदू दोन्ही जोडतो आणि म्हणतो, निघालो!

इंजिनिअर म्हणून मला हे वर्ष मोठ्या वळणाचं वाटतं. आतापर्यंत गोष्ट बदलायची तर पुतळे, भिंती, रंग सगळं उखडावं लागायचं. सिम्युलेटरमध्ये गोष्ट पडद्यावर असते. फिल्म बदला, हालचालींचा प्रोग्रॅम बदला, नवी राइड तयार. यंत्र आणि गोष्ट यांच्यातला सांधा पहिल्यांदाच इतका सुटा झाला.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण युनिव्हर्सलचं. १९९१ मध्ये फ्लोरिडात 'बॅक टू द फ्यूचर' राइड सुरू झाली. आठ जणांची डेलोरियन गाडी आणि समोर घुमटाएवढा पडदा. पुढे ती हॉलिवूडच्या पार्कमध्येही आली. २००७ मध्ये दोन्ही ठिकाणची राइड बंद झाली आणि २००८ मध्ये त्याच इमारतींत, त्याच घुमटांखाली 'द सिम्पसन्स राइड' सुरू झाली. आमच्या भाषेत, हार्डवेअर तेच ठेवून वरची स्किन बदलली. ज्यांनी लहानपणी डॉक ब्राउनबरोबर काळाच्या आरपार उड्या मारल्या होत्या, त्यांना मोठेपणी त्याच जागी पिवळी माणसं भेटली.

चेहरा गेटपर्यंत आणतो

नव्वदच्या दशकात दोन कंपन्यांची जुंपली आणि सिनेमे हे दारूगोळा झाले. युनिव्हर्सलचं फ्लोरिडातलं पार्क जून १९९० मध्ये उघडलं, तेव्हा जॉज, किंग काँग आणि भूकंप या तिन्ही मोठ्या राइड पहिल्याच दिवशी बिघडल्या. जॉज तर बंद करून पुन्हा बांधावी लागली, ती १९९३ मध्ये परत आली. मोठ्या सिनेमाचं नाव असलं तरी पाण्याखालचा यांत्रिक मासा वेळेवर उसळेल याची खात्री ते नाव देत नाही, हे सगळ्यांना दिसलं.

१९९६ च्या 'जुरासिक पार्क' राइडची तयारी सिनेमा बनण्याआधीच, मायकल क्रायटन यांच्या कादंबरीच्या वेळेपासून सुरू झाली होती. राइडवर सिनेमाच्या निर्मितीपेक्षा जास्त पैसा गेला असं म्हटलं जातं. आणि सिनेमा कशाबद्दल? हाताबाहेर गेलेल्या थीम पार्कबद्दल! यापेक्षा सोयीचा सिनेमा थीम पार्कवाल्यांना कुठे मिळणार? प्रेक्षकाला कुठलीच वेगळी भूमिका करायची गरज नाही. तो सिनेमात पर्यटक असतो, इथेही पर्यटकच. होडीत बसायचं, शाकाहारी डायनोसॉर बघायचे, काहीतरी चुकतं, आणि शेवटी टी-रेक्सच्या जबड्याखालून २५ मीटर खाली पाण्यात.

मग १८ जून २०१०. फ्लोरिडातल्या 'आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर'मध्ये हॅरी पॉटरचं जग उघडलं. सिनेमांचे कला दिग्दर्शक स्टुअर्ट क्रेग यांनाच पार्कसाठी कामाला लावलं होतं. किल्ल्यातल्या मुख्य राइडमध्ये कारखान्यात गाड्या जोडणारा असतो तसा रोबोटचा हात चार माणसांचा बाक उचलून फिरवतो. पण लोक वेडे झाले ते दुसऱ्याच गोष्टींमुळे. दुकानात जाऊन जादूची कांडी घेणं. बटरबिअरचा पेला हातात धरून बर्फाच्छादित छपरांखालून चालणं, तेही फ्लोरिडाच्या उन्हात. या उद्योगाच्या वार्षिक अंदाजांनुसार त्या पार्कमध्ये २००९ मध्ये सुमारे ४६ लाख लोक आले होते, २०११ मध्ये सुमारे ७६ लाख.

या आकड्यांनी सगळ्यांचे हिशेब बदलले. त्यानंतर डिस्नीने 'अवतार'चं जग उभारलं (२०१७), 'स्टार वॉर्स'चं उभारलं (२०१९). मला वाटतं, पॉटरच्या यशाचा अर्थ मात्र अर्धाच लावला गेला. मालकांना दिसलं ते फ्रँचायझीचं नाव. त्या नावाच्या आत जे होतं ते कुणाच्या लक्षात फारसं आलं नाही. हॅरी पॉटरच्या गोष्टीत कांडी निवडणं, मिठाईच्या दुकानात जाणं, गाडी पकडणं अशा करता येण्याजोग्या कृती ठासून भरल्या आहेत. वाचकांनी त्या हजार वेळा मनात केलेल्या असतात. पार्कने त्या हाताने करू दिल्या. चेहरा लोकांना गेटपर्यंत आणतो, पण त्यांना परत आणते ती कृती. १९५५ ची 'पीटर पॅन' राइड आजही लांब रांगा खेचते. का? कारण तिने सिनेमातली एकच कृती उचलली: खिडकीतून बाहेर पडून रात्रीच्या लंडनवरून उडणं. गाडी वरच्या रुळाला टांगलेली आहे, खाली इवलेसे दिवे आहेत, बस. सिनेमा न पाहिलेल्या माणसालाही उडायचं असतंच.

डिपेंडन्सीचं बिल

आता बिलाकडे येऊ. उसन्या गोष्टीचं बिल तीन प्रकारे येतं.

पहिलं कायद्याचं. १९९४ मध्ये मार्व्हलने युनिव्हर्सलच्या तेव्हाच्या मालक कंपनीशी थीम पार्कचा करार केला. हल्क, स्पायडरमॅन वगैरे १९९९ मध्ये युनिव्हर्सलच्या पार्कमध्ये आले. २००९ मध्ये डिस्नीने अख्खी मार्व्हल विकत घेतली. तरीही त्या जुन्या कागदामुळे फ्लोरिडात हल्क आणि स्पायडरमॅन आजही डिस्नीच्या प्रतिस्पर्ध्याकडेच आहेत. त्या करारात न अडकलेले 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी' तेवढे डिस्नीला २०२२ मध्ये एपकॉटमध्ये आणता आले. स्वतःची पात्रं स्वतःच्या अंगणात आणायला बंदी! कोडचं लायसन्स न वाचता 'ॲक्सेप्ट' दाबणाऱ्यांनी ही गोष्ट फ्रेम करून लावावी.

दुसरं बिल इतिहासाचं. १९८९ ची 'स्प्लॅश माउंटन' ही डिस्नीलँडची अत्यंत लाडकी राइड. ओंडक्याच्या होडीत बसून सशा-कोल्ह्याच्या गमती बघायच्या आणि शेवटी सोळाएक मीटर खाली धपकन. तिचे प्राणी १९४६ च्या 'साँग ऑफ द साउथ' या सिनेमातले. गुलामगिरीनंतरच्या अमेरिकी दक्षिणेतलं कृष्णवर्णीयांचं जगणं गोडगुलाबी दाखवल्याबद्दल त्या सिनेमावर तो आला तेव्हापासूनच टीका झाली. डिस्नीने तो अमेरिकेत कधी व्हिडिओ कॅसेटवरही काढला नाही. म्हणजे राइडमध्ये बसणाऱ्या बहुतेक मुलांनी मूळ सिनेमा पाहिलाच नव्हता. त्यांना ओळखीचा चेहरा लागलाच नाही, धबधब्यावरून पडणं पुरलं. पण मूळचा दोष खाली तसाच होता. २०२० मध्ये राइड बदलण्याची घोषणा झाली, २०२३ मध्ये अमेरिकेतल्या दोन्ही राइड बंद झाल्या आणि २०२४ मध्ये त्याच पाण्यावर, त्याच उतारावर 'टियानाज बायू ॲडव्हेंचर' सुरू झाली. 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग'मधली टियाना ही डिस्नीची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या. हा बदल मला योग्य वाटतो. शिवाय त्याने एक गोष्ट सिद्ध केली. चेहरे बदलले, कृती टिकली.

तिसरं बिल सगळ्यांत महाग, आणि ते कुणाच्याच वहीत लिहिलं जात नाही. एपकॉटच्या नॉर्वे विभागात १९८८ पासून 'मेलस्ट्रॉम' नावाची होडीची राइड होती. व्हायकिंग, दंतकथांतले ट्रोल, उत्तर समुद्रातला तेलाचा प्लॅटफॉर्म. थोडी विचित्र, थोडी गोंधळलेली, पण नॉर्वे या खऱ्या देशाबद्दलची. २०१३ मध्ये 'फ्रोझन' आला. ऑक्टोबर २०१४ मध्ये मेलस्ट्रॉम बंद झाली, जून २०१६ मध्ये त्याच कालव्यात 'फ्रोझन'ची राइड आली. एल्साचं अरेंडेल हे राज्य नकाशावर कुठेच नाही. खऱ्या देशाच्या जागेत काल्पनिक देश राहायला आला आणि रांग कितीतरी पट लांब झाली. ज्या मुलीला एल्सा बघायची आहे तिच्याशी माझं भांडण नाही. मला एवढंच टोचतं, की एल्सा त्या मुलीला घरच्या टीव्हीवर, डब्यावर, दप्तरावर रोज भेटते. तेलाच्या प्लॅटफॉर्मजवळून होडीतून जाणं तिला दुसरीकडे कुठे मिळणार होतं?

खोपोली आणि दुबई

आपल्याकडे हा प्रयोग खोपोलीजवळच्या इमॅजिकात झाला. २०१३ मध्ये पार्क उघडलं, त्यात 'मिस्टर इंडिया'वरची सिम्युलेटर राइड होती. योगायोग म्हणजे सिनेमा १९८७ चा, 'स्टार टूर्स'च्याच वर्षातला. इंजिनिअरिंगच्या दिवसांत आमची गँग तिथे गेली होती तेव्हा निम्म्यांनी सिनेमा पूर्ण पाहिलेला नव्हता. मोगँबो मात्र सगळ्यांना माहीत होता. चेहरा सिनेमापेक्षा जास्त जगतो. पण त्या सिनेमाची मूळ कृती कोणती? अदृश्य होणं. खुर्चीत बसलेल्या, स्वतःचे हात-पाय बघू शकणाऱ्या माणसाला अदृश्य झाल्यासारखं कसं वाटवणार? सिम्युलेटर पळवू शकतो, पाडू शकतो, गायब करू शकत नाही.

दुबईत २०१६ मध्ये 'बॉलिवूड पार्क्स' उघडलं. 'शोले', 'लगान', 'क्रिश', 'रा.वन', अशा सिनेमांवरच्या राइड. २०२३ मध्ये ते बंद झालं. पार्क बंद पडायला पैशापासून जागेपर्यंत शंभर कारणं असतात, त्यामुळे एकट्या कल्पनेवर खापर फोडणं बरोबर नाही. तरी एक विचार मनात येतो. हिंदी सिनेमा आपण लक्षात ठेवतो तो मुख्यतः गाण्यांतून आणि संवादांतून. ते आपण तोंडाने परत करतो: गाडीत, भेंड्यांत, मित्रांच्या नकला करताना. त्याला राइड लागतच नाही, चार मित्र पुरतात. शरीराने परत कराव्यात अशा कृती त्यात शोधाव्या लागतात. 'शोले'च्या राइडने डाकूंवर नेम धरायला दिला, ती दिशा बरोबर होती.

इमॅजिकातली मला सर्वांत आवडती राइड मात्र वेगळीच आहे: 'राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर'. होडी, डायनोसॉर, शेवटी पाण्यात धपकन. साचा कुठला ते सांगायला नको. पण राजासॉरस हा खरा प्राणी. नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातेत सापडलेल्या जीवाश्मांवरून शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये त्याला 'राजासॉरस नर्मदेन्सिस' हे नाव दिलं. चेहऱ्याचं लायसन्स घ्यावं लागतं. होडीत बसून डायनोसॉरला घाबरण्यावर कुणाची मालकी नाही. इथे कृती उचलली आणि चेहरा आपल्या मातीतून उकरून काढला. हा रस्ता कुणी पुढे चालवला तर मला फार आवडेल.

कुत्रा अजून तिथेच आहे

हा सगळा उद्योग कल्पनाशून्य झालाय असं म्हणून हात झटकणं सोपं आहे, पण खरं नाही. हाँगकाँग डिस्नीलँडने २०१३ मध्ये 'मिस्टिक मॅनर' ही कुठल्याही सिनेमावर न बेतलेली राइड आणली. नेदरलँड्समधलं एफ्टेलिंग हे पार्क १९५२ मध्ये परीकथांच्या बागेतून सुरू झालं आणि २०१७ मध्ये तिथे 'सिम्बोलिका' ही स्वतःच रचलेल्या गोष्टीची राइड आली. मे २०२५ मध्ये युनिव्हर्सलचं 'एपिक युनिव्हर्स' उघडलं. त्यात चार जगं उसनी आहेत: निन्टेंडो, हॅरी पॉटर, ड्रॅगन आणि जुने भुताचे सिनेमे. पण मधोमध 'सेलेस्टियल पार्क' नावाचा भाग आहे, जो कुठल्याच सिनेमातला नाही. तिथे झाडं आहेत, कारंजी आहेत आणि एकमेकींशी शर्यत लावणाऱ्या दोन रोलरकोस्टर गाड्या आहेत.

माझी कसोटी साधी आहे. राइडवरून सिनेमाचं नाव मनातल्या मनात पुसून टाकायचं. मग काय उरतं? उडणं उरलं, पडणं उरलं, अंधारातलं जळणारं गाव उरलं तर राइड स्वतःच्या पायावर उभी आहे. नुसता पडदा आणि ओळखीचा चेहरा उरला, तर पुढचा हिट सिनेमा तिला पुसून टाकणार आहे. तोवर नवी गोष्ट जन्माला येण्याची एक जागा अडलेली राहते, आणि ते मला जास्त मोठं नुकसान वाटतं.

कारण अशा जागांतून काय जन्मू शकतं याचा पुरावा समोर आहे. 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' राइड ३६ वर्षांची झाल्यावर, २००३ मध्ये, तिच्यावरून सिनेमा निघाला. त्याने जगभरात ६५ कोटी डॉलरहून जास्त कमावले आणि स्वतःच एक फ्रँचायझी झाला. मग २००६ मध्ये चक्र उलटं फिरलं. त्या सिनेमातल्या जॅक स्पॅरोचे पुतळे मूळ राइडमध्ये बसवले गेले. जी राइड नायकाशिवाय उभी होती, तिच्यात नायक आला. आता लोक होडीतून वाकून वाकून त्याला शोधतात, जसे एकेकाळी स्नो व्हाइटला शोधायचे.

तुरुंगातले कैदी मात्र १९६७ पासून त्याच कुत्र्याला बोलावतायत. सिनेमानेही तो प्रसंग जसाच्या तसा उचलला. कुत्र्याला नाव नाही, मागची गोष्ट नाही, तो कुठल्या भागात काय करतो हे कुणी विचारत नाही. तोंडात किल्ल्या धरून तो नुसता बसलाय. त्याच्या समोरून जाताना अजूनही प्रत्येक होडीतलं कुणी ना कुणी त्याला हाक मारतं.